लग्न झालं, गाव बदललं, मग सिस्टरचं रजिस्ट्रेशनही बदलावं लागतं का?

बारामतीत काम करणाऱ्या सिस्टरचं लग्न इंदापूर तालुक्यात ठरलं की घरात नोकरीची चर्चा सुरू होते. तिकडं जागा मिळेल का, पगार किती, येऊन-जाऊन करता येईल का. आणि मग कुणीतरी विचारतंच, "अगं, पण तुझं रजिस्ट्रेशन बारामतीचं. ते इंदापूरला चालेल का?"

चालतं. कारण 'बारामतीचं रजिस्ट्रेशन' असं काही नसतंच. नर्सची नोंदणी तालुक्यात होत नाही, जिल्ह्यातही होत नाही. ती होते मुंबईतल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ या कायद्याखाली. या कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असलं की बारामती, इंदापूर, भिगवण काय, थेट चंद्रपूरला गेलात तरी तीच नोंदणी चालते. पत्ता बदलला तर तो कौन्सिलकडे अपडेट करायचा, एवढंच काम.

पण हीच मुलगी विजयपूरला जीएनएम करून, कर्नाटकात नोंदणी करून लग्नानंतर इंदापुरात आली असेल तर? सोलापूर ओलांडलं की विजयपूर साधारण शंभर किलोमीटर. सोयरिकी होतात, शिक्षणासाठी पोरं तिकडं जातात, भाषाही दोन्हीकडं थोडीफार कळते. पण नोंदणीच्या बाबतीत ती दुसऱ्या राज्यातून आलेली नर्स ठरते आणि तिला महाराष्ट्र कौन्सिलकडे नव्यानं नोंदणी करावी लागते.

घोळ होतो तो इथंच. गाव बदलताना तीन गोष्टी हलवायच्या असतात. कामाचा परवाना, नोकरी आणि कागदावरचं नाव. तिघांची ऑफिसं वेगळी आहेत. लोक एका ऑफिसात जाऊन तिन्हीची चौकशी करतात आणि हेलपाटे मारत बसतात.

परवाना राज्याचा का?

राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे, तर वैद्यकीय आणि इतर व्यवसाय समवर्ती सूचीत येतात, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. त्यामुळे नर्सिंगची रचना दुमजली झाली. वर दिल्लीची इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९४७ च्या कायद्यानं उभी राहिलेली. ती अभ्यासक्रम आणि दर्जा बघते. खाली प्रत्येक राज्याची कौन्सिल, जी नोंदवही सांभाळते.

१९४७ च्या कायद्यात दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या नर्सच्या कामाची एक गोष्ट आहे. मान्यताप्राप्त पात्रता असेल तर ती कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालण्यासाठी पुरेशी मानली जाते. म्हणजे कर्नाटकातून मान्यताप्राप्त जीएनएम केलेल्या सिस्टरला महाराष्ट्रात पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, कोर्स तर नाहीच नाही. शिक्षण तिचं सगळीकडे चालतं. प्रत्यक्ष काम करायला मात्र इथल्या नोंदवहीत नाव लागतं.

गाडीशी तुलना केली तर लायसन्स देशभर चालतं, पण गाडी कायमची दुसऱ्या राज्यात नेली की पासिंग बदलावं लागतं. नर्सचा मामला या पासिंगसारखा.

'मान्यताप्राप्त' हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नका. कर्नाटकातल्या नर्सिंग कॉलेजांना मान्यता कुणी द्यायची, यावरून २०१७ मध्ये मोठा वाद कोर्टात गेला होता आणि बाहेरच्या राज्यांतून तिथं शिकायला गेलेल्या पोरांचे जीव टांगणीला लागले होते. म्हणून लांबच्या कॉलेजात प्रवेश घ्यायच्या आधीच विचारायचा प्रश्न आहे, "इथून कोर्स केला तर महाराष्ट्रात नोंदणी होईल ना?" एजंटाला नाही, कौन्सिलला.

सासरी यायच्या आधी माहेरच्या राज्यात करायची कामं

दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या नर्सला साधारणपणे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नर्सिंगच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा किंवा पदवी, मूळ राज्यातलं नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र हे सगळं लागतं. हे घरातल्या फायलीत असतं. अडतं ते दुसरीकडे. मूळ राज्याच्या कौन्सिलनं 'ही आमच्याकडे नोंदलेली आहे, हिची नोंदणी चालू आहे आणि हिच्यावर कारवाई नाही' असं सांगावं लागतं. कुणी त्याला एनओसी म्हणतं, कुणी व्हेरिफिकेशन. हे पत्र बहुतेक वेळा एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे जातं, उमेदवाराच्या हातात झेरॉक्स असून भागत नाही.

म्हणून हा अर्ज लग्नाच्या आधी, निदान गाव सोडायच्या आधी टाकलेला बरा. कॉलेज तिथंच असतं, एखादा शिक्का राहिला असेल तर संध्याकाळपर्यंत मिळतो. इंदापुरात येऊन बसल्यावर त्याच शिक्क्यासाठी एसटीचा प्रवास, मुक्काम आणि सुट्टी.

दोन गोष्टी अर्ज करतानाच लेखी विचारून घ्या. एनओसी घेतल्यावर जुन्या राज्यातलं नाव कमी होणार की राहणार? आणि जुनी नोंदणी मुदतीत आहे का? नर्सिंगची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षणाचे तास भरलेले असावे लागतात. मुदत संपलेल्या नोंदणीवर दुसरं राज्य पुढची पायरी चढू देत नाही. बाळंतपण, लहान मूल, घरातलं आजारपण यात दोन-तीन वर्षं काम सुटलेल्या सिस्टर नेमक्या इथं अडकतात. काम सोडलं म्हणून नोंदणीची तारीख थांबत नाही.

मधला काळ सगळ्यात अवघड. जुन्या राज्यातून निघालो, नव्या राज्यात नंबर आलेला नाही. अशा वेळी एखादं खासगी हॉस्पिटल म्हणतं, "या की मॅडम, काम सुरू करा, रजिस्ट्रेशन काय येईल मागून." हातात पैसे येतात म्हणून कुणीही हो म्हणेल. पण नंबर नसताना नर्स म्हणून ड्युटी लावली आणि पेशंटच्या बाबतीत काही चुकलं, तर पहिला प्रश्न 'हिची नोंदणी कुठाय' हाच येतो आणि त्याचं उत्तर तिच्याकडेही नसतं, हॉस्पिटलकडेही नसतं. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्या १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, त्यातही पात्र नर्सेस असण्याची अट आहे. म्हणजे धोका दोघांना आहे, पण पगार कमी मिळतो तो फक्त सिस्टरला. नंबर येईपर्यंत काम करायचंच असेल तर मदतनीस म्हणून, तसं लेखी पत्र घेऊन, आणि इंजेक्शन-सलाईनची जबाबदारी न घेता. हॉस्पिटलला हे पटेलच असं नाही. पण विचारायला हरकत नाही.

खरी कटकट नावाची

आता त्या विषयाकडे येऊ ज्याचा कायद्याच्या पुस्तकात फारसा उल्लेख नाही, पण ज्यानं अर्ज परत येतात.

आपल्याकडे नाव तीन भागांचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्न झालं की मुलीचं आडनाव तर बदलतंच, मधलं नावही बदलतं. देशात बऱ्याच ठिकाणी फक्त आडनाव बदलतं. आपल्याकडे तीनपैकी दोन भाग नवे होतात आणि काही घरांत तर पहिलं नावही बदलायची पद्धत अजून आहे. म्हणजे दहावीच्या सर्टिफिकेटवर एक बाई, आधारवर दुसरी. संगणकाला दोघी एकच आहेत हे कोण सांगणार?

समजा, दहावीच्या आणि जीएनएमच्या कागदांवर, नोंदणीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. लग्नानंतर रेशनकार्ड, बँक, आधार सगळं सासरच्या नावावर केलं. पाच वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरायला गेली, आधार जुळेना. आता तिला आधी नावबदल सिद्ध करावा लागणार. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि बऱ्याचदा राजपत्र लागतं.

विवाह नोंदणी गावात ग्रामपंचायतीत होते, ग्रामसेवक तिथं विवाह निबंधक असतात. शहरात नगरपालिकेत. राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात 'जुनं नाव, नवं नाव' अशी नोंद छापून येते. ती प्रत एकदा डाउनलोड केली की पीडीएफ जपून ठेवायची, पुढं आयुष्यभर कामी येते.

आणि एक गोष्ट ठळक सांगायला हवी. लग्नानंतर नाव बदलणं कायद्यानं बंधनकारक नाही. ज्या सिस्टरच्या सगळ्या कागदांवर माहेरचं नाव आहे तिनं तेच ठेवलं तर कुठलंही ऑफिस तिला अडवू शकत नाही. माझं मत विचाराल तर नोकरी करणाऱ्या मुलीसाठी हाच सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग आहे. घरच्यांना पत्रिकेवर, दारावरच्या पाटीवर हवं ते नाव घालू द्या. आधारला हात लावायच्या आधी मात्र विचार करा. अर्धे कागद इकडचे, अर्धे तिकडचे ही अवस्था सगळ्यात वाईट.

याच्या जोडीला स्पेलिंग. दत्तात्रय की दत्तात्रेय, इंग्रजीत कुठे डबल ई, कुठे आय. दहावीच्या कागदावर जे आहे ते प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घेणं सोपं जातं. उलटं करायला गेलात तर बोर्डाच्या फेऱ्या सुरू.

नदी ओलांडली की मालक बदलतो

इंदापूर तालुका नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. दोघींचा संगम तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंगपूरला. नीरेच्या पलीकडं अकलूज, ते सोलापूर जिल्ह्यात. भीमेच्या पलीकडं टेंभुर्णी, तेही सोलापूर. बारामतीकडून नीरा ओलांडली की फलटण, म्हणजे सातारा जिल्हा. खासगीत काम करणाऱ्या सिस्टरला या सीमांचं काहीच नाही. सकाळी इकडची ड्युटी, पुढच्या महिन्यात तिकडची. नोंदणी एकच.

सरकारी नोकरीत मात्र हीच नदी फार मोठी होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात काम करणारी आरोग्य सेविका ही जिल्हा परिषदेची कर्मचारी. तिची बदली बारामती तालुक्यातून इंदापूर तालुक्यात झाली तर पुणे जिल्हा परिषद तीच, ज्येष्ठता यादी तीच, सेवापुस्तक एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातं आणि विषय संपतो. पण सासर अकलूजला असेल तर ती सोलापूर जिल्हा परिषद. तिथं जायचं म्हणजे आंतरजिल्हा बदली. ती विनंतीवरून मिळाली तर नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीत सगळ्यात खाली बसावं लागतं. दहा-बारा वर्षं नोकरी केलेली ताई, पदोन्नतीच्या रांगेत परवा लागलेल्या मुलीच्या मागं. पगार आणि सेवा राहते, ज्येष्ठता जाते. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या कारणानं बदली मागता येते, पण ज्येष्ठतेची किंमत मोजावीच लागते. इंदापूरच्या टोकाच्या गावातून अकलूज हाकेच्या अंतरावर दिसतं, म्हणून कित्येकींना हे आधी लक्षातच येत नाही.

बारामती शहरात तर आणखी गंमत आहे. एकाच गावात सरकारी नर्सेसचे मालक वेगवेगळे. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. २०१९ मध्ये सुरू झालेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. आणि आसपासच्या गावांतली आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. तिघींचा युनिफॉर्म बघून गावाला त्या सगळ्या 'सरकारी सिस्टर' वाटतात. पण एकीला दुसरीच्या जागेवर साधी बदली मिळत नाही, कारण विभाग वेगळा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना २००५ चा बदल्यांचा कायदा लागू आहे, त्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल-मेमध्ये बदल्या, असं गणित आहे. म्हणून ऑक्टोबरात लग्न ठरवून नोव्हेंबरात बदली मागणाऱ्यांना बहुतेकदा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघावी लागते.

कंत्राटी असाल, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, तर करार त्या जागेशी बांधलेला असतो. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर बहुतेकदा इथला राजीनामा आणि तिथं नवा अर्ज. अशा वेळी अनुभव प्रमाणपत्र राजीनाम्याच्या दिवशीच हातात घ्या. नंतर पोस्टानं येईल या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या राज्यातून आलेल्यांसाठी अजून एक कागद आहे. सरकारी भरतीत अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, मागितलं जातं. ते तहसील कार्यालयाच्या वाटेनं मिळतं, त्याचा कौन्सिलशी संबंध नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना भरतीत याबाबत वेगळी तरतूद आहे, पण कौन्सिलची नोंदणी त्यांनाही लागतेच.

आशाताईचं काय?

इथं नियम एकदम उलटा होतो.

आशा स्वयंसेविकेला कौन्सिल नाही, नंबर नाही. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, आणि ती त्याच गावची रहिवासी असली पाहिजे ही मूळ अट. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत २५ ते ४५ वयाची, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई, असं सांगितलेलं आहे. अविवाहित मुलगी का नको? कारण लग्न होऊन ती जाणार, हे सरकारनं आधीच गृहीत धरलंय. थोडक्यात, सरकारला आशा म्हणून गावची सून हवी, लेक नको.

त्यामुळे आशाताईचं गाव बदललं तर तिचं पद बदलत नाही, संपतं. नवऱ्याची नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत लागली आणि कुटुंब इंदापूरच्या गावातून शहरात गेलं, की दहा वर्षांचा अनुभव, घराघरातली ओळख, कोणाच्या सुनेची तारीख कधी आहे याची पाठ असलेली यादी, सगळं मागं राहतं. नव्या ठिकाणी जागा रिकामी असेल आणि निवड झाली तरच पुन्हा आशा होता येतं.

सोबत नेता येतं ते फक्त प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. आशांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची सोय केलेली आहे. ते गावाला बांधलेलं नाही. ज्यांनी ते घेतलंय त्यांनी जपावं, आणि आरोग्य केंद्रातून आजवरच्या प्रशिक्षणांची नोंद आणि कामाचा कालावधी लिहून घ्यावा. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा असा साधा कागदही हॉस्पिटलमध्ये मदतनीस म्हणून काम शोधताना उपयोगी पडतो. एवढं काम करून हातात एक कागदसुद्धा न घेता गाव सोडणाऱ्या आशा कमी नसतील.

बाकीच्यांचं थोडक्यात

फार्मासिस्टचं नर्ससारखंच. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं दुसऱ्या राज्यात नोंदलेला फार्मासिस्ट इथं नोंदणीला पात्र ठरतो, पण महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नाव घालावं लागतं. त्याला आणखी एक काम. मेडिकल दुकानाच्या परवान्यावर त्याचं नाव असतं, तर दुकान सोडताना ते एफडीएकडे कळवून काढून घ्यायचं. नाहीतर पोरगा इंदापुरात कामाला आणि नाव अजून जुन्या दुकानाच्या परवान्यावर.

डॉक्टरांमध्ये एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएस आणि बीएचएमएस यांच्या कौन्सिल वेगळ्या. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला इथल्या कौन्सिलमध्ये यावंच लागतं. लॅब टेक्निशियन आणि इतर पॅरामेडिकल मंडळींसाठी राज्याचा २०११ चा पॅरामेडिकल कौन्सिल कायदा आणि वर केंद्राचा २०२१ चा कायदा आहे. फिजिओथेरपिस्टची कौन्सिल निराळी.

मग ते 'एक देश, एक नंबर' काय आहे?

सोशल मीडियावर सध्या दोन आयडींची सरमिसळ चालते. पहिला, नर्सचा एनयूआयडी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेतला हा राष्ट्रीय क्रमांक, आधारशी जोडलेला. एकच बाई दोन राज्यांत दोन वेगळ्या नावांनी नोंदलेली असू नये आणि राज्य बदलताना माहिती जुळवता यावी, यासाठी तो आहे. दुसरा, आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला एचपीआर आयडी. तो डिजिटल ओळख आहे, कामाचा परवाना नाही. एचपीआर कार्ड मोबाइलमध्ये आहे म्हणून कर्नाटकची नोंदणी महाराष्ट्रात चालत नाही. तसं सांगणारे रील्स दिसले तर पुढं पाठवू नका.

२०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आणलेल्या या कायद्यात राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदवहीची तरतूद आहे. त्यातही राज्यांच्या नोंदवह्या राहतातच. त्यामुळे आज गाव बदलणाऱ्या सिस्टरनं नव्या कायद्याची वाट बघत अर्ज लांबवू नये.

तुमच्या घरात कुणी सिस्टर, ब्रदर, फार्मासिस्ट असेल तर नोंदणी प्रमाणपत्र काढून आधी मुदतीची तारीख बघा, मग त्यावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर अर्ज कधी टाकायचा हे लग्नाची तारीख धरतानाच ठरवून टाका.